कावीळ, गरोदरपण आणि नळाचं पाणी

(स्त्री-आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाळंतपणातल्या मृत्यूंविषयी आपण बोलायला बसलो की रक्तस्राव, रक्तदाब, जंतुदोष आणि रक्तपांढरी ही नावं पटापट पुढे येतात. ती यायलाच हवीत. पण वस्तीत, गावात गरोदर बाई गेली आणि आपण विचारलं, "काय झालं होतं?" तर कधी कधी उत्तर येतं, "काही नाही, कावीळ झाली होती." हे 'काही नाही' मला फार खटकतं. कावीळ म्हणजे घरगुती दुखणं, पथ्यानं बरं होणारं, असा आपला समज. बहुतेकांच्या बाबतीत तो खराही ठरतो. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र तोच समज जीव घेतो. म्हणून आज याच विषयावर बोलायचं ठरवलं आहे.

आधी शरीराची थोडी माहिती घेऊ. यकृत, म्हणजे लिव्हर, उजव्या बरगड्यांखाली असतं. रक्त गोठायला लागणारे घटक तयार करणं, शरीरातली विषारी द्रव्यं निकामी करणं, साखरेचा साठा सांभाळणं ही त्याची कामं. यकृताला सूज आली की पित्तातला पिवळा रंग रक्तात वाढतो आणि डोळे, कातडी, लघवी पिवळी दिसते. म्हणजे कावीळ हे लक्षण आहे. त्यामागचा आजार कोणता, हे शोधावं लागतं.

आपल्याकडे साथीची कावीळ बहुधा दोन विषाणूंमुळे होते, 'ए' आणि 'ई'. दोन्ही विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातात. 'ए'ची लागण आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच, कळत न कळत होऊन जाते. 'ई'ची कावीळ मुख्यतः पंधरा ते चाळीस वयातल्या माणसांना होते. हेच वय मुलं होण्याचं. 'ई'ची लागण झालेल्या शंभरातला एखादाच माणूस दगावतो, बाकीचे काही आठवड्यांत बरे होतात. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर स्त्रियांमध्ये हाच आकडा शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटना हे आकडे देते. आई वाचली तरी मूल पोटात जाणं, अपुऱ्या दिवसांचं होणं, जन्मतःच आजारी असणं हे धोके उरतातच.

आता हे कळलं कसं, ते पाहू. १९५५ साली पावसाळ्याच्या अखेरीस यमुनेला पूर आला. पूर ओसरला तेव्हा दिल्लीच्या नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या पंपापाशी, जिथून शहराचं पिण्याचं पाणी उचललं जाई तिथे, येऊन मिसळलं. डिसेंबरमध्ये काविळीची साथ सुरू झाली. जानेवारी १९५६ पर्यंत डोळे पिवळे झालेले सुमारे २९,३०० रुग्ण मोजले गेले. त्या वेळी पाण्यात क्लोरीनचं प्रमाण वाढवलेलं होतं. त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. काविळीची मात्र आली. गरोदर स्त्रियांना हा आजार जास्त घातक ठरतो, हेही तेव्हा नोंदलं गेलं. ही साथ 'ए'चीच, असं तेव्हापासून मानलं जात होतं. साठवून ठेवलेली रक्ताची नमुनं तपासल्यावर, १९८० साली, ती 'ए'ची नव्हती हे सिद्ध झालं. म्हणजे पंचवीस वर्षं या आजाराला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं.

१९७८ साली काश्मीरच्या खोऱ्यात मोठी साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी घरोघर पाहणी केली. त्या पाहणीत २०८ गरोदर स्त्रिया होत्या. त्यातल्या ३६ जणींना कावीळ झाली, म्हणजे शंभरात सतरा. गरोदर नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात दोन होतं, पुरुषांत शंभरात जवळपास तीन. त्या ३६ जणींपैकी आठ जणींचं यकृत पूर्ण कोलमडलं आणि त्या आठही जणी शेवटच्या तीन महिन्यांतल्या होत्या. गरोदर नसलेल्या आजारी स्त्रियांपैकी एकीवरही ही वेळ आली नाही. पाणी एकच, गाव एकच, आणि फरक एवढा मोठा.

पुढे १९८३ साली हा विषाणू पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. १९९० च्या सुमारास त्याला 'ई' हे अक्षर मिळालं. आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांनी या विषाणूवर दीर्घकाळ काम केलं. नाव मिळालं, तपासणी मिळाली, साथी मात्र थांबल्या नाहीत. १९९१ साली कानपूरला अंदाजे ७९,००० माणसं आजारी पडली. २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ येऊन माणसं दगावली, आणि पंचगंगेत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. २०१५-१६ च्या हिवाळ्यात सिमल्यात तेच झालं. मैला शुद्धीकरण केंद्राचं पाणी अश्वनी खड्ड या ओढ्यात आणि ओढ्याचं पाणी शहराच्या नळात. दिल्लीनंतर साठ वर्षांनी तीच कथा, फक्त नदीचं नाव वेगळं.

गरोदरपणातच हा आजार एवढा का बळावतो? गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती वेगळ्या पद्धतीनं चालते, कारण पोटातला जीव तिला सांभाळायचा असतो. संप्रेरकं वाढलेली असतात. त्यात कुपोषणाची भर पडते. शास्त्रज्ञ ही सगळी कारणं मांडतात, पण त्यांचं एकमत झालेलं नाही. "बाईचं शरीरच नाजूक" असं कोणी म्हणालं तर मी त्यांना ईजिप्तचं उदाहरण देते. नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यांत सुमारे २,४०० गरोदर स्त्रियांचं रक्त तपासलं. दर शंभरातल्या ८४ जणींना 'ई'ची लागण कधी ना कधी होऊन गेलेली होती. तरी तिथे आपल्यासारखे मृत्यू दिसले नाहीत. विषाणूची जात वेगळी असेल, लागण लहानपणीच होत असेल. काहीही असो, गरोदरपण आणि कावीळ एकत्र आली की मरण ठरलेलंच, असा निसर्गाचा नियम नाही, एवढं त्यातून निश्चित कळतं.

आता आपल्या घराघरांत काय घडतं ते पाहू. विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. सुरुवात साध्या तापानं, मळमळीनं, अन्नावरची वासना उडण्यानं होते. डोळे पिवळे व्हायला आणखी काही दिवस लागतात. घरातले म्हणतात, "डोहाळे आहेत." आठव्या महिन्यात नव्यानं सुरू झालेली मळमळ आणि उलट्या डोहाळ्यांच्या नसतात, हे आपण घरोघर सांगितलं पाहिजे.

दुसरं, आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते. नेमक्या धोक्याच्या महिन्यांत तिचं गाव बदलतं, पाणी बदलतं. आजारी पडली की वाद सुरू होतो. सासरचे म्हणतात, माहेरचं पाणी बाधलं. माहेरचे म्हणतात, आली तेव्हाच अंगात ताप होता. दोन ते आठ आठवड्यांचा हिशेब धरला तर दोन्ही शक्य असतं. या वादात गाडी कोणी करायची, पैसे कोणी भरायचे हे ठरायला दोन दिवस जातात, आणि तिच्याकडे तेवढे दिवस नसतात.

तिसरं, कावीळ उतरवणं. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं करून दाखवणं, डोक्यावर माळ घालणं, नाकात देवडांगरीचे थेंब टाकणं. बायका तिकडे जातात म्हणून त्यांना अडाणी ठरवून आपलं काम होत नाही. तो माणूस जवळ असतो, थोडे पैसे घेतो, ओरडत नाही, आणि शंभरातले नव्व्याण्णव जण आपोआप बरे होतात तेव्हा श्रेय त्याला मिळतं. शंभरावी कोण होती हे कोणी विचारत नाही. आपण निरोप साधा ठेवू या. माळ घालायची असेल तर घाला, पण गरोदर बाईला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. नाकात किंवा पोटात मात्र काही देऊ नका. आजारी यकृतावर अनोळखी औषधाचा भार टाकणं धोक्याचं असतं. पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

चौथं, पथ्य. तेल बंद, हळद बंद, डाळ बंद, नुसता भात आणि उसाचा रस. हळदीनं कावीळ वाढत नाही. गरोदर बाईला उपाशी ठेवलं तर तिचं आणि बाळाचं दोघांचं नुकसान होतं. आणि रस्त्यावरच्या रसात घातलेला बर्फ कोणत्या पाण्याचा असतो, तेही विचारून पाहा.

धोक्याची लक्षणं पाठ करू या. गरोदर बाईचे डोळे किंवा लघवी पिवळी होणं, एवढं एकच लक्षण दवाखान्यात नेण्यासाठी पुरेसं आहे. त्यापुढे, उलट्या न थांबणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, चिडचिड किंवा गुंगी, हिरड्यांतून, नाकातून किंवा खालून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात जायचं, जिथे रक्तपेढी आहे. बाई बरळायला लागली की "बाहेरचं झालं" म्हणून घरात बसवतात. ते 'बाहेरचं' नसतं. यकृत काम करेनासं झाल्यामुळे रक्तात साठलेलं विष मेंदूपर्यंत पोचलेलं असतं.

रुग्णालयात गेल्यावर आपण काय विचारायचं? बिलिरुबिन किती, हे सगळे सांगतात. पण नुसत्या त्या आकड्यावरून धोका कळत नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी पी.टी.-आय.एन.आर. ही तपासणी केली का, हे विचारा. हा आकडा दीडच्या पुढे गेला आणि बाई गुंगीत जाऊ लागली, तर यकृत निकामी होत चाललं आहे. मग अतिदक्षता विभाग लागतो. बाळंतपणात रक्तस्राव होण्याची भीती मोठी, म्हणून रक्त आणि प्लाझ्मा आधीच तयार हवा. 'ई'वर गरोदरपणात देता येईल असं खास औषध नाही. साखर सांभाळणं, रक्तस्राव आणि जंतुदोष आवरणं, मेंदूची सूज उतरवणं, हेच उपचार, आणि वेळेवर मिळाले तर त्यानं बायका वाचतात. मूल लवकर काढलं की आई वाचतेच, असा पुरावा नाही. बाळंतपण घडवून आणायचं का, हा निर्णय तिच्या अवस्थेवरून घ्यायचा असतो, आणि ती शुद्धीत असेल तर तिला सांगून, विचारून घ्यायचा असतो.

प्रत्येक कावीळ पाण्याची नसते, हेही लक्षात ठेवू. शेवटच्या महिन्यांत रक्तदाब वाढून, डोकं दुखून, उजव्या बरगडीखाली कळा येऊन रक्तातल्या पेशी फुटतात आणि यकृत बिघडतं, त्याला डॉक्टर 'हेल्प' म्हणतात. यकृतात एकाएकी चरबी साठण्याचा एक दुर्मिळ पण गंभीर आजार गरोदरपणातच होतो. या दोन्हींमध्ये बाळंतपण लवकर करणं हाच उपचार असतो. तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, असह्य खाज सुटणं हेही यकृताच्या बिघाडाचं लक्षण असतं आणि बाळाला त्यात धोका असतो. म्हणूनच घरी बसून अंदाज करायचे नाहीत. राष्ट्रीय कावीळ नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे, त्यात या विषाणूंच्या तपासण्या सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून गरोदर बाईला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, रक्त आणि वाहन मोफत मिळण्याचा हक्क आहे. 'प्लाझ्मा बाहेरून आणा' म्हणाले तर हा कार्यक्रम नावानिशी सांगा.

आता पाण्याकडे येते. वस्तीत नळाला दिवसातून तासभर पाणी येतं. उरलेला वेळ पाइप रिकामा. तोच पाइप गटारातून जातो. पाणी बंद झालं की रिकामा पाइप भेगेतून गटाराचं पाणी आत ओढतो, आणि कोणी थेट नळाला मोटार लावली की आणखी जोरात ओढतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात ते आपल्या घरी येतं. ते हंडे कोण भरतं? गरोदर असली तरी तीच.

टी.सी.एल. पावडर टाकली की झालं, असं ग्रामपंचायत सांगते. दिल्लीचा अनुभव आठवा. जिवाणू मेले आणि विषाणू नळापर्यंत पोचला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात म्हटलं आहे की पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. म्हणजे टाकीपाशी ओ.टी. टेस्ट करून वहीत 'पिवळा रंग आला' लिहिणं पुरेसं नाही. ती शेवटच्या घराच्या नळावर झाली पाहिजे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायची तरतूद आहे. तपासणी शिकणं चांगलंच. पण त्या बायकांनी पाणी खराब आहे म्हटल्यावर दुरुस्ती किती दिवसांत होते, हाही हिशेब मांडला पाहिजे. नाहीतर आपल्या गळ्यात आणखी एक बिनपगारी काम.

'पाणी उकळून प्या' या सल्ल्याचंही तसंच. उकळल्यानं विषाणू मरतो, सल्ला बरोबर आहे. पण सहा माणसांच्या घरात रोज उकळायला गॅस किंवा सरपण कुठून आणायचं? साथीच्या काळात गरोदर बाईपुरतं तरी पाणी वेगळं उकळून झाकून ठेवा, हे आपण सांगू शकतो. घरातल्या माणसांना ते पटवणं हे आपलं काम. आणि नळातून मैला येऊ न देणं हे नगरपालिकेचं काम. पहिल्या कामाच्या आड दुसरं लपू द्यायचं नाही.

लसीबद्दल नेहमी विचारलं जातं. नेपाळमध्ये २००१ साली 'ई'वरच्या एका लसीची चाचणी सुरू झाली. ती सैन्यात घेतली गेली. तिन्ही डोस घेतलेल्या १,७९४ जणांत जवळजवळ सगळे पुरुष होते. ज्यांना सर्वांत जास्त धोका, त्या चाचणीत नव्हत्याच. लस फार परिणामकारक ठरली, २००७ साली तसं प्रसिद्धही झालं, पण ती बाजारात कधी आली नाही. चीनने २०११ मध्ये दुसऱ्या एका लसीला परवानगी दिली. २०२२ साली दक्षिण सुदानमधल्या बेंटियूच्या विस्थापितांच्या छावणीत साथ आली असताना ती गरोदर स्त्रियांसह लोकांना देण्यात आली. साथीमध्ये ही लस वापरण्याची ती पहिली वेळ. आपल्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. गरीब बाईच्या आजाराला बाजारात किंमत नसते, याचं हे ठळक उदाहरण आहे.

शेवटचा मुद्दा मोजणीचा. साथ आली की पेपरात छापून येतं, 'आजार सौम्य, घाबरू नये.' सगळ्यांची सरासरी काढली की आजार सौम्यच दिसतो. त्या सरासरीत गरोदर बाई हरवते. ती मरतेही आपल्या गावापासून लांब, तिसऱ्या रुग्णालयात. कागदावर 'यकृत निकामी' लिहिलं जातं. गरोदरपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांत काविळीनं झालेला मृत्यू हा मातामृत्यूच असतो. त्याला अप्रत्यक्ष कारणाचा मातामृत्यू म्हणतात. त्याची चौकशी करण्याची, जिल्हाधिकाऱ्यांपुढे आढावा घेण्याची आणि त्या वेळी नातेवाइकांना बोलावण्याची पद्धत मार्गदर्शक सूचनांमध्ये घालून दिलेली आहे. त्या चौकशीत आपण एक प्रश्न विचारायला लावू: ती कुठलं पाणी पीत होती? त्या पाण्याचा शेवटचा अहवाल कुठे आहे?

तेव्हा आपल्या गटांनी घ्यायची कामं अशी. एक, एका गल्लीत दोन-तीन काविळी दिसल्या की त्याच आठवड्यात आशाताई आणि अंगणवाडीताईंकडून त्या भागातल्या गरोदर स्त्रियांची यादी घेऊन प्रत्येकीला भेटायचं. दोन, आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यायची. तीन, शेवटच्या नळाची क्लोरीन तपासणी आपल्यासमोर करायला लावून आकडा फलकावर लिहून घ्यायचा. चार, रक्तपेढी असलेलं जवळचं रुग्णालय आणि तिथे न्यायचं वाहन, दोन्ही आधीच ठरवून ठेवायचं. पाच, मृत्यू झालाच तर घरच्यांना विश्वासात घेऊन त्याची मातामृत्यू म्हणून नोंद होईपर्यंत पाठपुरावा करायचा.

दिल्लीच्या त्या साथीत किती गरोदर बायका गेल्या, त्यांची नावं आज कोणी सांगू शकणार नाही. आपल्या तालुक्यातल्या यंदाच्या आपण सांगू शकतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपापल्या भागातल्या गेल्या वर्षभरातल्या अशा मृत्यूंची माहिती आणि त्या वस्तीच्या पाण्याचे अहवाल घेऊन यावं, एवढी विनंती करून थांबते.